डाव्या बाजूचं जग

माझ्या अंगावरून वारं गेलं त्याला आता काही वर्षं झाली. आमच्याकडे लकव्याला असंच म्हणतात. या आजारात हातपाय कसे परत आणायचे ते सांगणारे पुष्कळ भेटतात. तेल कोणतं, मालीश कोणाची, पथ्य काय, सगळं ऐकायला मिळतं. पण माणसाचं लक्ष हरवलं तर ते कसं परत आणायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. जे मोजलं तेवढंच लिहायची सवय आहे. जिथं मला खात्री नाही, तिथं तसं सांगेन.

अर्धी दाढी

थंडीचे दिवस होते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी खिडकीशी आरसा टांगून दाढी केली, तोंड धुतलं आणि चहाला बसलो. माझी बायको सुमन माझ्याकडे बघून हसायला लागली.

"अहो, हे काय? अर्धीच केली?"

"पूर्ण केली."

"आरशात बघा की."

मी उठून बघितलं. "गुळगुळीत आहे."

"आणि हा साबण?"

"कुठला साबण?"

तिचं हसू थांबलं. मी थट्टा करणारा माणूस नाही, बहुतेक म्हणूनच ती घाबरली. डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच वाळत होता, असं ती सांगते. मला तो दिसला नाही, जाणवलाही नाही. मग कप घ्यायला गेलो तर डावा हात उठेना. पाय खालून निघून गेल्यासारखा झाला. गल्लीत आमच्याच कारखान्यातला शेख राहतो. सुमनची हाक ऐकून तो बनियनवरच धावत आला. "सोपानभाई, कुछ नहीं हुआ, मेरेकू पकडो," म्हणत त्यानं मला रिक्षात घातलं. मला आठवतं ते एवढंच, की रिक्षा चालली होती आणि रस्त्याला एकच बाजू होती.

रस्त्याची एक बाजू

हे नीट सांगायला हवं, कारण घरच्यांना ते पटत नाही. डावीकडे अंधार नव्हता. काळं, धूसर असं काही नव्हतं. तुमच्या पाठीमागं काय आहे ते तुम्हाला काळं दिसतं का? नाही. तिथं 'दिसणं'च नसतं आणि त्याची कोणाला खंतही नसते. माझी डावी बाजू तशी झाली होती. वॉर्ड मला पूर्ण वाटत होता, फक्त त्याला डावीकडची भिंत नव्हती. माणसं कुठूनशी उगवत, माझ्यासमोरून तरंगत जात आणि नाहीशी होत. मला भीती वाटत नव्हती. उलट एक प्रकारचं सुख होतं, उन्हाळ्यात जेवण झाल्यावर निंबाखाली डोळा लागतो तसं. भीती घरच्यांच्या वाट्याला आली होती.

माझा थोरला भाऊ नाथा पाचोडजवळच्या आमच्या गावाहून आला. आम्ही मेंढपाळांच्या घरातले. तो अजून मेंढरं राखतो, मी शिकून शहरात आलो. तो खाटेच्या पायथ्याशी बसला होता. माझ्या पोटावर कोणाचा तरी जड, गार हात पडला होता.

"भाऊ, तुझा हात काढ ना. जड होतोय."

"माझे दोन्ही हात हे बघ की, बापू."

"मग हा कोणाचा?"

तो उठून व्हरांड्यात गेला. तो हात माझाच होता.

नंतर डॉक्टरांनी मला कागद-पेन्सिल देऊन घड्याळ काढायला सांगितलं. मी गोल काढला, बाराही आकडे घातले.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात एकमेकांवर चढून बसले होते. केसापेक्षा बारीक फरकासाठी माल परत पाठवणारा माणूस मी. मी ते घड्याळ पास केलं होतं.

डॉक्टर सुमनला म्हणाले, "हातापायाचं होईल. पण यांचं डाव्या बाजूकडे लक्षच नाही. ते किती परत येईल, आत्ता सांगता येत नाही."

तिनं एकच विचारलं. "कामावर जातील का?"

"काम काय करतात?"

"गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासतात."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तोच एक प्रश्न राहिला. कारखान्यातून साहेबांचा निरोप आला, की काही महिने जागा ठेवतो. त्याच्या पुढचं कोणी बोललं नाही. ते दिवसच तसे होते. वाळूजकडे माळावर नवीनवी शेडं उभी राहत होती आणि आयटीआय झालेली पोरं गेटवर सकाळपासून उभी असायची.

माया

घरी आणलं तेव्हा सगळी तयारी झाली होती. वारं गेलेल्या माणसाला वारं शिवू द्यायचं नाही, म्हणून खिडक्या बंद. माझ्या कानात कापूस. खाट डाव्या अंगानं भिंतीला लावलेली, म्हणजे मी पडणार नाही. मला उजवीकडचंच दिसतं हे कळल्यामुळे येणारा प्रत्येक माणूस उजवीकडे बसायचा. पाणी, गोळ्या, रेडिओ, सगळं उजव्या हाताशी. हे सगळं मायेनं केलेलं होतं. माझ्याइतकं बरं त्या खोलीत कोणाचंच चाललं नव्हतं.

जेवताना मात्र मी कुरकुर करायचो. "ठेचा बंद केला का? मीठ पण नाही."

सुमनला वाटायचं, मी पथ्यावर चिडतो आहे. ती समजूत घालायची. ठेचा आणि मीठ ताटात डाव्या बाजूला होतं. भाकरीचाही डावा अर्धा भाग तसाच राहायचा, आणि वर मी म्हणायचो, "एकच अर्धी भाकरी देतेस होय?"

नाथाभाऊ पुढच्या खेपेला एक झाकलेली पाटी घेऊन आला. आत पारव्यांची जोडी. पाचोडच्या बाजारातून आणली होती. लकव्यावर पारवा हा उपाय आमच्याकडे घरोघर माहीत आहे. कोणी त्याचा रस्सा देतात, कोणी पारवे घरात पाळतात, त्यांच्या पंखांचं वारं अंगाला लागलं की लकवा उतरतो म्हणतात.

"एक आज कापू, एक आठ दिवसांनी," भाऊ म्हणाला.

सुमन म्हणाली, "भाऊजी, आधी दवाखान्यात विचारते."

"त्यांना काय कळतंय पारव्याचं?"

"नाही कळत. पण विचारते."

निर्मलाताई

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कपडे वाळत घालतात त्या अंगणापलीकडे, एक लांबट खोली होती. तिथल्या टेबलावर लाकडी ठोकळे, मणी, कॅरमच्या सोंगट्या, जुन्या वर्तमानपत्रांची चळत. निर्मलाताई तिथं बसायच्या. मी डॉक्टरबाई म्हटलं तर म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहे. शब्द जड जात असेल तर ताई म्हणा."

त्यांनी माझ्याआधी सुमनची चौकशी सुरू केली. घरी खाट कशी लावली आहे, कोण कुठं बसतं, पाणी कुठं ठेवता. सुमननं अभिमानानं सगळं सांगितलं. ताईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, यांची डावी बाजू आजारानं अर्धी बंद केली होती. उरलेली तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलीत."

सुमनचा चेहरा पडला. ताई लगेच म्हणाल्या, "सगळे असंच करतात. मायेनंच करतात. पण यांचा मेंदू डावीकडचं विसरलेला नाही. त्याचं तिकडं लक्ष जात नाही. तुम्ही उजवीकडे बसलात तर त्याला तिकडं वळायचं कारणच काय? खाट फिरवा. बोलायचं ते डावीकडून. पाणी मागितलं तर डावीकडे ठेवा आणि दिसेपर्यंत थांबा."

"तहान लागली तरी?"

"तहान लागली म्हणूनच."

मग सुमननं चाचरत पारव्यांचं विचारलं. ताई पुष्कळ वेळ हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घुमतात का?"

"दिवसभर."

"मग कापू नका. पिंजरा डाव्या खिडकीत टांगा. आणि खिडकी उघडी ठेवा."

नाथाभाऊला उघडी खिडकी अजिबात पटली नाही. पण दुसरी गोष्ट त्याला फार आवडली. गावात जाऊन तो सांगत सुटला, "डॉक्टरनं बी शेवटी पारवेच सांगितले! म्या तर आधीच आणले व्हते."

दुपारी

त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. सुमन मागच्या खोलीत, गल्ली शांत, मी खाटेवर. आणि कुठून तरी घुमण्याचा आवाज. आधी तो आवाज उजव्या भिंतीतून येतो असं वाटायचं. मी भिंतीकडे बघत राहायचो. मग पंखांची फडफड व्हायची आणि मान आपोआप थोडी वळायची. तिथं काहीच नसायचं. आणखी वळायची. मग उजेडाचा एक पट्टा. त्या पट्ट्यात कधी लाल पाय, कधी एक डोळा. पूर्ण पारवा दिसायला किती दिवस गेले ते मला सांगता येत नाही, कारण त्या काळात माझं कॅलेंडरसुद्धा अर्धंच होतं. महिना माझ्यासाठी पंधरवडा उलटल्यावर सुरू व्हायचा.

लहानपणी मेंढरांमागं हिंडताना संध्याकाळी एखादं मेंढरू मागं राहायचं. धुळीत आधी त्याचा आवाज यायचा, मग आकार, मग ते कळपात मिसळायचं. माझ्या डावीकडच्या वस्तू तशा एकेक करून येत होत्या. दाराची कडी. कोनाडा. सुमनचा अर्धा चेहरा, मग दुसरा अर्धा. तिच्या केसात पांढरं आलेलं मला तेव्हा दिसलं.

लाल रेघ

ताईंकडचे व्यायाम पोरखेळासारखे होते. वर्तमानपत्राचा तुकडा द्यायच्या आणि म्हणायच्या, यातले सगळे 'र' खोडा. मी खोडायचो. छातीठोकपणे कागद परत द्यायचो. त्या कागद फक्त थोडा उजवीकडे सरकवायच्या, आणि न खोडलेल्या 'र'ची रांगच्या रांग उगवायची. आकड्यांचं तसंच. चार आकडी संख्येतले शेवटचे दोनच मी वाचायचो आणि त्यावर हिशेब करायचो. हिशेब अचूक, आकडा चूक.

मग त्यांनी प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढली. "ही रेघ दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. डोळे नेत राहा. कंटाळा आला तरी नेत राहा." डाव्या मनगटालाही लाल दोरा बांधला. वाचताना त्या हाताचं एक बोट हलवायला लावायच्या, जेवढं हलेल तेवढं. का ते त्यांनी समजावलं होतं, पण मी ते नीट सांगू शकणार नाही. फायदा झाला एवढं सांगतो.

त्या दिवसांत शहर विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेलं होतं. भिंतीभिंतींवर घोषणा. रिक्षातून दवाखान्यात जाताना मी त्या वाचायचो. एका भिंतीवर 'झालेच पाहिजे'. पुढच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही'. काय झालं पाहिजे आणि काय होऊ देणार नाही, ते मला दिसायचं नाही. सगळं शहर एका कशावर तरी भांडत होतं आणि ती गोष्ट नेमकी माझ्या डाव्या बाजूला होती. 'झालेच पाहिजे' मला आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटायचं. दुसरी भिंत आली की मी मान खाली घालायचो.

माझे भिडू

ताईंच्या खोलीत माझ्या वेळेला साळवे गुरुजी यायचे. खेड्यातल्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे, आमच्याच भागात, राहायला आले होते. त्यांचा झटका दुसऱ्या बाजूचा. उजवा हात गेलेला आणि बोलणं गेलेलं. सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "जयभीम." पाणी हवं असलं तरी जयभीम, राग आला तरी जयभीम. जन्मभर म्हटलेला शब्द तेवढा जिभेवर राहतो, असं ताई म्हणाल्या.

बंदच्या एका दिवशी आम्ही एकाच रिक्षातून घरी येत होतो. सोबत सुमन. चौकात आम्हाला अडवलं. कोणी अडवलं ते मला दिसलं नाही, डावीकडून नुसता आवाज आला.

"कुठं निघालात, बाबा?"

गुरुजी म्हणाले, "जयभीम."

रिक्षावाल्याचा श्वास मला ऐकू आला.

"जयभीम तर खरं. पण कुठं?"

गुरुजींनी परत तेच म्हटलं, या वेळी अगदी काकुळतीनं. सुमन म्हणाली, "साहेब, यांना बोलता येत नाही आणि ह्यांना तुम्ही दिसत नाही. दवाखान्यातून घरी चाललोय."

"मंग तुम्ही एकट्याच धडधाकट म्हणा की, वहिनी," तो आवाज म्हणाला. "जा, जा लवकर."

ताईंनी विचारलं होतं, तुमच्याकडे पत्त्यात काय खेळतात? मी म्हणालो, मेंढीकोट. चौघांचा खेळ, दोन-दोन भिडू समोरासमोर, जो जास्त दश्श्या गोळा करील तो जिंकला. "तेच खेळा," त्या म्हणाल्या. "रोज." आम्हा दोघांचाही एकेक हात लुळा, म्हणून शेखनं लाकडी पट्ट्यांना खाच पाडून आणली, पत्ते उभे ठेवायला. एका बाजूला मी आणि गुरुजी, दुसऱ्या बाजूला सुमन आणि शेख. भिडूशी बोलायचं नाही हा मेंढीकोटचा नियमच, त्यामुळे त्या चटईवर गुरुजी कोणापेक्षाही कमी नव्हते.

कमी मी होतो. "इस्पिक नाही," म्हणून हुकूम मारायचो आणि दोन हातांनंतर तेच इस्पिक टाकायचो. शेख ओरडायचा, "अरे सोपानभाई! अब्बी तो बोले थे नहीं हैं!"

"तेव्हा नव्हतं."

"तो क्या अंडे दिये पत्त्यांनी?"

आयुष्यात माझ्यावर लबाडीचा आरोप पहिल्यांदा झाला तो माझ्याच घरात, माझ्याच चटईवर. गुरुजी मग बोटाच्या पेरानं आपल्या पट्टीच्या एका टोकाला टकटक करायचे, म्हणजे मी डावीकडे बघावं. शेख म्हणायचा, "इशारा नहीं चलेगा, गुरुजी!" त्यावर गुरुजी खाली मान घालून, अगदी अपराधी आवाजात, "जयभीम."

अशा एका डावात नाथाभाऊ दारात येऊन उभा राहिला.

"हे कोण?"

"साळवे गुरुजी. माझे भिडू."

गुरुजींनी एक हात छातीशी नेऊन म्हटलं, "जयभीम."

भाऊ थोडा थांबला. "रामराम," म्हणाला आणि उंबऱ्याशी बसला. गावाकडं त्या दिवसांत काय बोललं जात होतं ते त्याच्या कानात होतं. माझ्याही कानांनी ते ऐकलेलं होतं. सुमननं चहा ठेवला, तो त्यानं तसाच राहू दिला. पण खेळाकडे त्याचं लक्ष होतं. गुरुजींनी शेवटपर्यंत दाबून ठेवलेली दश्शी टाकून डाव उलटवला तेव्हा त्याच्या तोंडून निघालंच, "आयला, मास्तर लई पक्का हाय!"

सुमन भाकरी टाकायला उठली आणि तिच्या जागी भाऊ बसला. हरला. "बोलतच नाय माणूस," तो कुरकुरला, "मनात काय हाय कळंल कसं?" पुढचा डाव मांडताना त्यानं चहा उचलला आणि गार झालेला होता तरी प्याला. पुढं गावाहून आला की तो आधी विचारायचा, "मास्तर येणार हाय का आज?"

त्या सुमारासच एका दुपारी रिक्षातून मला 'नामांतर' हा शब्द पूर्ण दिसला. डोळे नेत राहायची सवय लागली होती, ते भिंतीच्या टोकापर्यंत गेले आणि शब्द तिथं होता. मोठा, निळा, ओघळ आलेला. मी सुमनचा हात दाबला. तिला वाटलं, मला काही होतंय.

सुमनचं

हे सगळं वाचायला बरं वाटतं. घरात ते तसं नव्हतं. "डावीकडं बघा" हे वाक्य सुमन दिवसभर म्हणायची. जेवताना, चालताना, सदऱ्यात हात घालताना. एकदा मी ताट ढकललं.

"मी काय बैल आहे का सारखं हाकायला?"

"बैलाला एकदा सांगितलं की कळतं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी पाण्यासाठी थांबलेला असायचो तेव्हा ती दाराआड उभी राहून रडायची, हे मला फार नंतर तिनंच सांगितलं. तहानलेल्या माणसाला पाणी हातात न देणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना मी एवढंच सांगेन. रोग्याचं कौतुक करायला माणसं येतात. डावीकडं उभं राहून वाट बघणाऱ्या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिला दुपारची झोप मिळू द्या. तासाभरासाठी का होईना, कोणी दुसरं बसा.

आणि एक. रोगी म्हणतो "मला दिसतंय", तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच सगळं पूर्ण दिसत असतं. वाद घालू नका. कागद सरकवून दाखवा.

ट्रे

पाय आला. हात कामापुरता आला. ताईंच्या कागदावरचे 'र' सगळे खोडले जाऊ लागले, लाल रेघ नसतानाही. साहेबांचा निरोप आला, की येऊन दाखवा.

कारखान्यात शिरल्यावर तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मला वाटलं, मी झोपेतून उठून इथंच आलो आहे, मधलं सगळं स्वप्न. शेखनं माझ्या टेबलावर ब्रेकच्या भागांचा ट्रे ठेवला. त्यात साहेबांनी मुद्दाम खराब भाग मिसळलेले होते. मी डाव्या कडेपासून सुरुवात केली. एकेक भाग उचलला, मोजमापाचं गेज लावलं, उजेडात फिरवला, ठेवला. खराब ते सगळे सापडले. एकही सुटला नाही.

साहेब खुश झाले. "सोमवारपासून या."

शेखनं माझ्या पाठीवर थाप मारली. आजूबाजूची मशीनवरची माणसं हसत होती. मी बसून राहिलो.

"साहेब, संध्याकाळी सुट्टीच्या आधी आणखी एक ट्रे द्याल का?"

"कशाला? झालं की."

"सकाळी मी ताजा आहे. मला दमल्यावर बघायचंय."

मी दिवसभर तिथंच थांबलो, थोडं हातकाम केलं. उन्हं पत्र्यावरून उतरली तेव्हा दुसरा ट्रे आला. तशीच सुरुवात केली, तसाच शेवट केला. ट्रे माझ्यासमोर पूर्ण होता. मला मनापासून वाटलं, झाला.

शेखनं ट्रेवर नजर फिरवली आणि डाव्या कोपऱ्यातला एक भाग हळूच उचलला. मी त्याला हातही लावला नव्हता. त्यावर केसाएवढी चीर होती. शेखनं इकडंतिकडं बघितलं आणि तो भाग खराब मालाच्या पेटीत टाकला.

"हो गया. मैं देख लिया. चलो."

"आणि उद्या?"

"उद्या भी देखूंगा. रोज देखूंगा. तू टेन्शन नको घेऊ."

त्यानं रोज बघितलं असतं. मला त्याच्याबद्दल शंका नाही. पण मला काही सुटलं आहे असं वाटलंसुद्धा नव्हतं, हे मला पुरेसं होतं. मी पेटीतून तो भाग काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हा माझ्याकडून सुटला."

साहेबांनी चीर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "सोपानराव, सकाळी मी हो म्हटलं होतं."

"ब्रेकचा भाग आहे, साहेब."

ते बराच वेळ तो भाग बोटांत फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "गेज रूममध्ये बसाल? तिथं एका वेळी एकच गेज तपासायचं असतं. घाई नाही."

मी हो म्हणालो. माझं जुनं टेबल शेखला मिळालं.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती पीठ मळत होती. हात तसेच ठेवून बसली.

"जागा मिळाली होती," ती म्हणाली.

"हो."

"कोणी विचारलं होतं तुम्हाला दुसरा ट्रे तपासायला?"

"कोणी नाही."

तिनं पिठाचा गोळा उगाच दोनदा उलटापालटा केला. रागावली होती, आणि तिला रागवायचा हक्क होता. एवढे महिने त्या एका प्रश्नासाठी ती दाराआड उभी राहिली होती. मी उत्तर देऊन आलो होतो आणि ते तिला हवं तसं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता तुमच्या टेबलावर कोण?"

"शेख."

"त्याला दिसतात का दोन्ही बाजू?"

"तो म्हणतो दिसतात," मी म्हणालो. "पण त्यानं अजून संध्याकाळचा ट्रे मागितलेला नाही."

सुमननं माझ्याकडे बघितलं, आणि पिठाच्या हातानंच तोंड झाकून हसायला लागली.